मदत हवी आहे: आईला ओटीपी, एपीके, लिंक हे शब्द मराठीत कसे समजावू?

शेवंती

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आई कराडला एकटी असते, वय ६८. मी पुण्यात. गेल्या गुरुवारी तिच्या भिशीतल्या एका काकूंच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. वर 'श्री गणेशाय नमः', खाली 'सहकुटुंब येण्याचे करावे' आणि एक फाइल. फाइलच्या नावाच्या शेपटाला एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. आता आईला काय ठाऊक एपीके! पत्रिका आली की उघडून बघायची, नाहीतर चार लोकांत बोल लागतो.

फोनने एकदा काहीतरी विचारलं, हिने 'होय' केलं. परत विचारलं, परत 'होय'. मग नाव, मोबाइल नंबर आणि 'नोंदणीसाठी १ रुपया' म्हणून कार्डाचा नंबर मागितला. तो हिने चष्मा शोधून, मागच्या तीन आकड्यांसकट भरला. पत्रिका काही उघडली नाही. अर्ध्या तासात खात्यातून दोन वेळा मिळून १४,७०० रुपये गेले, व्हॉट्सॲप बंद पडलं, आणि संध्याकाळपर्यंत तीच पत्रिका आईच्या नंबरावरून अख्खी भिशी, दोन्ही मावश्या आणि गॅस सिलिंडरवाल्यापर्यंत पोचली. पैशांपेक्षा याचंच तिला जास्त लागलंय. "लोकांना वाटलं असंल, मीच पाठवली."

मी लगेच बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. तेवढं झालं.

पण आईचं म्हणणं ऐका: "मी ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही. कुणाचा फोनच आला नाही, तर सांगणार कुणाला?" आणि हे शंभर टक्के खरं आहे. चार वर्षं मी तिच्याकडून 'ओटीपी सांगायचा नाही' हे पाढ्यासारखं घोकून घेतलंय. तिने ते पाळलं. तरी पैसे गेले. त्यामुळे आता माझ्या कुठल्याच सांगण्यावर तिचा भरवसा नाही. फोन रुमालात गुंडाळून फडताळात ठेवलाय.

आई अडाणी नाही हो. बारा जणींची भिशी बावीस वर्षं चालवतेय, वहीत एका रुपयाचा फरक नाही. पण मी एक शब्द समजावायला जाते आणि त्यात तीन नवे शब्द येतात. "ॲपला परमिशन दिलीस की ते एसएमएस रीड करतं." या वाक्यातला तिला कळलेला शब्द एकच, 'दिलीस'.

तर दोन गोष्टी हव्यात. फोनचं आता काय करू? आणि हे शब्द तिला घरच्या भाषेत कसे सांगू? 'साधा फोन घेऊन द्या' कृपया सांगू नका. नातवाचं तोंड तिला त्याच फोनवर दिसतं.

कांदाभजी

साधा फोन घेऊन द्या. (पळतो.)

तारघर

शेवंतीताई, शब्द मागाहून. ते ॲप अजून फोनमध्येच असेल, आधी ते बघा. असली ॲप घरात शिरली की दाराची पाटी काढून टाकतात, म्हणजे स्क्रीनवर त्यांचं चिन्हच दिसत नाही. म्हणून 'मला तर काही दिसत नाही' यावर जाऊ नका.

फोन फ्लाइट मोडवर टाका. सिम काढून दुसऱ्या, स्वच्छ फोनमध्ये घाला. तिथून ##००२# डायल करा, म्हणजे कुणी आईचे कॉल दुसरीकडे वळवून ठेवले असतील तर ते रद्द होतील. व्हॉट्सॲपही त्याच फोनवर नव्याने सुरू करा. एसएमएसने सहा आकडी कोड येईल, तो टाकला की चोराकडचं बंद पडतं. त्याने मध्ये स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर मात्र सात दिवस थांबावं लागतं. घाबरू नका, त्या सात दिवसांत खातं त्याच्याकडेही राहत नाही. मग लगेच स्वतःचा पिन लावा. सेटिंग्जमध्ये खातं, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन. 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडून तिथे अनोळखी काही असेल तर लॉग आउट करा.

जुन्या फोनमधले फोटो केबल लावून काढून घ्या आणि मग फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. पुन्हा वापरायला घेतलात की 'अनोळखी स्रोतांवरून ॲप' हे सेटिंग शोधा. ज्या ॲपांना तशी मुभा दिलेली दिसेल (बहुधा व्हॉट्सॲप आणि ब्राउझर), ती सगळी काढा.

शेवंती

धन्यवाद काका. सिम काढलं. ##००२# केलं. फोटोंचा जीव टांगणीला आहे, बाबांचे शेवटच्या दिवाळीचे त्यातच आहेत.

तारघर

फोटो राहतील. फक्त फोटो आणि व्हिडिओचेच फोल्डर उचला, 'डाउनलोड'मधलं सरसकट घेऊ नका. पत्रिका तिथे बसलेली असू शकते.

पोस्टमनची_लेक

एपीके मी माझ्या सासूबाईंना असं सांगितलं: पत्रिका, फोटो, पीडीएफ हे सगळे कागद. कागद दारात आला, हातात घेतला, वाचला, ठेवून दिला. एपीके म्हणजे माणूस. तो आत येऊन राहतो. आणि परमिशन म्हणजे किल्ली. फोन जे विचारतो ना, 'हे ॲप एसएमएस वाचू शकेल का', 'संपर्क पाहू शकेल का', तो प्रत्येक वेळी एकेक किल्ली मागत असतो. कपाटाची, देवघराची, मागच्या दाराची.

मग पुढचं आपोआप कळतं. कुठली पत्रिका कपाटाची किल्ली मागते?

आणि तुमच्या आईंचं खरंच आहे, त्यांनी ओटीपी कुणाला सांगितला नाही. सांगायची गरजच पडली नाही. एसएमएसची किल्ली दिलेली होती, ओटीपी आला तसा आतल्या माणसाने वाचला. व्हॉट्सॲप सुरू करायचा कोडही एसएमएसनेच येतो, तोही त्यानेच वाचला. हे त्यांना जरूर सांगा. चूक घोकलेल्या वाक्यात आहे, त्यांच्यात नाही. 'सांगू नका' म्हणजे 'तोंडाने बोलू नका' असंच कुणीही समजेल.

शेवंती

हे वाचून दाखवलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे भाडेकरू घातला मी घरात, अनामत न घेता."

खतावणी

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे माझ्या डोक्यात सगळं सहीवर येतं. ओटीपीला 'पासवर्ड' म्हणून सांगू नका, घोळ होतो. पासवर्ड लोकांना कुलपासारखा वाटतो. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी सही. विड्रॉवल स्लिप कुणीतरी भरून आणलीय, रक्कम लिहिलीय, खाली फक्त तुमची सही बाकी. ती सही म्हणजे ओटीपी. म्हणून त्या एसएमएसमध्ये आकड्याच्या आजूबाजूला जे लिहिलेलं असतं (किती रुपये, कुणाला) तेच आधी वाचायचं. आपण सगळे नेमकं तेच सोडून आकडा शोधतो.

यूपीआय पिन हीसुद्धा सहीच, फक्त कायमची. पैसे यायचे असतील तर आपली सही लागत नाही. 'तुम्हाला पाच हजार पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणणारा तुमच्याकडून विड्रॉवल स्लिपवर सही घेतोय. सैन्यातला अधिकारी म्हणून जुना सोफा विकत घेणारे असतात ना, ते हेच करतात.

कांदाभजी

काका, पैसे भरायच्या स्लिपवरपण सही असते की.

खतावणी

असते. पण ती भरायला आलेल्याची. ज्याच्या खात्यात जाणार आहेत त्याला कुणी विचारत नाही. बसा.

पैशांबद्दल: १९३० वर लवकर कळवलंत हे उत्तम. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे काढले जाण्याआधी अडवता आले तर तेवढे गोठवले जातात. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण भरा, तिची छापील प्रत आणि लेखी अर्ज बँकेच्या शाखेत द्या, पोचशिक्का घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाच्या हातून माहिती गेली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून फोन कधी केला ती वेळ अर्जात लिहाच. आणि त्या १ रुपयाचं लपवू नका. पुढे तेच आडवं येतं.

पोस्टमनची_लेक

आता लिंक. माझे वडील टपाल वाटायचे, त्यामुळे मला हे सोपं जातं. पाकिटावर वरच्या ओळीत कुणीही काहीही लिहू शकतं. पत्र जातं कुठे? खाली मु. पो., ता., जि. असेल तिथे. लिंकचंही शेवट बघून कळतं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरच्या पहिल्या एकट्या तिरक्या रेघेपर्यंत या आणि तिथून मागे वाचा. 'परिवहन डॉट गव्ह डॉट इन' हा सरकारी पत्ता. 'परिवहन डॉट गव्ह डॉट इन डॉट चलनभरा डॉट टॉप' हा मात्र कुणा चलनभरावाल्याचा. त्याच्या आधीचं सगळं वरच्या ओळीतलं नाव.

बँकांचं आता त्यातल्या त्यात सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं. शेवट तो नसेल तर आईंनी पुढे जाऊच नये.

एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या टोकालाही हल्ली एक इंग्रजी अक्षर असतं. जी म्हणजे सरकारी, टी व्यवहाराचा, एस सेवेचा, पी जाहिरात. साध्या दहा आकडी नंबरावरून 'बँक' बोलत असेल तर प्रश्नच मिटला.

शेवंती

आईचा एक प्रश्न, शब्दशः: "प्रत्येकीच्या मेसेजच्या वर ती पिवळी पट्टी असते, कुलपाचं चित्र असलेली, 'एंड-टू-एंड' का कायतरी. कुलूप हाय तर चोर शिरला कुठून?"

मला उत्तर देता आलं नाही.

तारघर

आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या खात्यात हा प्रश्न भल्याभल्यांना सुचला नसता.

ते कुलूप पाकिटाला आहे, घराला नाही. पाकीट वाटेत कुणी फोडून वाचू शकत नाही, खुद्द व्हॉट्सॲपलाही मजकूर दिसत नाही, एवढंच ती पट्टी सांगते. आतलं पत्र खरं की खोटं, लिहिणारा तोच की त्याच्या नावाने दुसरा, याची हमी त्यात नाही. बंद पाकिटातून विष पाठवलं तरी ते बंदच पोचतं.

ब्राउझरमधल्या कुलपाचंही तेच. भामट्याच्या साइटलाही ते मिळतं. लोक त्याला 'सुरक्षित'चा शिक्का समजायला लागले म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं.

अवांतर: 'फॉरवर्डेड'ला दोन बाण दिसले की ते पत्र बऱ्याच घरांतून फिरून आलंय असं समजायचं. त्यावर औषधं घ्यायची नाहीत.

कांदाभजी

डिजिटल अरेस्टचंही सांगून ठेवा. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांना व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस दिसला तर ते दोन तास खुर्चीवरून उठले नाहीत, लघवीलाही परवानगी मागितली. असली अटक कायद्यात नाहीच. मास्तरीणबाईंनी कुकर लावायला उठवलं म्हणून वाचले.

शेवंती

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कराडला गेले होते.

फोन रीसेट केला, बाबांचे फोटो मिळाले. व्हॉट्सॲप सात दिवसांनी परत आलं, त्याने खरंच पिन लावून ठेवला होता. ९,२०० रुपये अडवले गेलेत असं कळलंय, हातात कधी येतील ते बघू. बाकीच्यांवर मी पाणी सोडलंय, आईने नाही. शाखेत अर्ज द्यायला ती स्वतः गेली, पोचशिक्क्याशिवाय हलली नाही.

भिशीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने रकाने आखलेत. 'एपीके: राहायला येणारा.' 'परमिशन: किल्ली, कुणाला दिली ते लिहून ठेवणे.' 'ओटीपी: सही, रक्कम वाचून.' एक तिने स्वतःहून घातलाय, 'ओळखीचा नंबर: नंबर ओळखीचा. माणूस कोण ते फोन लावून विचारणे.' या महिन्याची भिशी आमच्याकडे होती तेव्हा पोह्यांआधी ते पान वाचून दाखवलं म्हणे. ज्यांच्या नंबरावरून पत्रिका आली होती त्या काकूही होत्या. दोघी आता एकमेकींची समजूत काढतात.

परवा साताऱ्याच्या मामेभावाच्या मुलाची खरीखुरी पत्रिका आली, पीडीएफ. आईने उघडली नाही, आधी वहिनीला फोन लावला, "कागद आहे का माणूस?" वहिनी म्हणाली, माणसंच येणार आहेत, दोनशे.

एक राहिलंय. क्लाउडचा रकाना रिकामा आहे. मी म्हटलं, फोटोंचा एक डबा भरून दुसऱ्याच्या घरी ठेवलाय, आपलं काही हरवलं की तिथून मागवायचा. तर विचारते, "आणि त्यांनी डबा रिकामा परत पाठवला तर?"

काय सांगू?