एका आसनापायी नऊ वर्षावास पणाला. हे प्रवारणेत सांगावं का?

जुनं_चीवर (प्रश्न)

नमो बुद्धाय. मी भिक्खू आहे. उपसंपदेनंतर, म्हणजे पूर्ण भिक्खू झाल्यावर, नऊ वर्षावास (पावसाळ्यातले मुक्काम) झाले, हा दहावा चालू आहे. विहार कुठला ते विचारू नका. यात दुसऱ्या कुणाची चूक नाही, आणि तुम्ही ती शोधायला लागलात तर मला बरंच वाटेल, म्हणून नकोच.

प्रसंग किरकोळ. भोजनदान होतं. आम्ही पंगतीत वर्षावासांच्या क्रमाने बसतो. वय, विद्वत्ता बघत नाहीत, उपसंपदेचा दिवस बघतात. त्या दिवशी माझ्या वर एका पाहुण्या भन्तेंना बसवलं. त्यांचे सहा वर्षावास, पण देसना, म्हणजे धम्मप्रवचन, फार सुंदर करतात, लोक त्यांना ऐकायला लांबून येतात. व्यवस्था बघणारे उपासक हात जोडून म्हणाले, "भन्ते, जरा सरकता का?" मी सरकलो. हसलोसुद्धा. ते हसू छान जमलं याचं मनातल्या मनात कौतुकही झालं, हे आत्ता लिहिताना आठवलं.

मग वाढप सुरू झालं. वाढप वरून खाली येतं. एका जागेने असा काय फरक पडणार? पळी त्यांच्या पात्रावर किती वेळ रेंगाळली आणि माझ्या पात्रावर किती, हे मी बघत होतो. पातिमोक्खात, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीत, ७५ सेखिय (वागण्या-जेवण्याचे नियम) आहेत. त्यांत एक नियम हाच आहे की खोट काढायच्या नजरेने दुसऱ्याच्या पात्रात बघू नये. आणखी हवं म्हणून कालवण भाताखाली झाकू नये, असाही एक आहे. पहिल्या वर्षी तो वाचून मला हसू फुटलं होतं. कुणीतरी कधीतरी खरोखर झाकलं असणार, त्याशिवाय का नियम झाला! मी त्या दिवशी काही झाकलं नाही. नुसतं मोजलं.

जेवणानंतर आमच्या श्रामणेराने, म्हणजे अजून उपसंपदा न झालेल्या शिकाऊ मुलाने, माझं पात्र धुतलं, पुसलं, उन्हात ठेवलं आणि विसरला. सोळा-सतरा वर्षांचं पोर. विनय, म्हणजे भिक्खूंची शिस्त, सांगतो की पात्र क्षणभर ऊन द्यावं, उन्हात ठेवून देऊ नये. मी त्याला बोललो. बोललो कसलं, झाडलं. "इतके महिने झाले, एक पात्र सांभाळता येत नाही?" त्याचे कान लाल झाले. त्याने पात्र उचललं आणि काही न बोलता आत नेऊन ठेवलं. नियमाला धरूनच बोललो होतो, म्हणून तासभर मला आपलं काही चुकलंय असं वाटलंही नाही.

रोज रात्री मी एक वही लिहितो. लोभ, मान, क्रोध असे तीन रकाने आणि चौथा कारणाचा. त्या रात्री नोंद कुठल्या रकान्यात घालायची तेच ठरेना. आपल्या भाषेची गंमत बघा. पालीत राग म्हणजे आसक्ती, मराठीत राग म्हणजे संताप. पालीत मान म्हणजे अहंकार, अर्हत (पूर्ण मुक्त) होईपर्यंत न तुटणारं संयोजन, म्हणजे बंधन; मराठीत तो द्यायचा-घ्यायचा असतो, लग्नपत्रिकेपासून सभेपर्यंत. आणि लोभ तर आपण पत्राखाली मागूनच घेतो, 'लोभ असावा'. मराठीत माझी नोंद एका ओळीची झाली: मान मिळाला नाही म्हणून राग आला. तीच ओळ पालीच्या कानाने ऐकली आणि पेन खाली ठेवलं.

आता प्रश्न. आश्विन पौर्णिमेला प्रवारणा आहे, वर्षावास संपतानाची संघाची बैठक. हे सगळं संघासमोर सांगून टाकावं असं फार वाटतंय. मोकळं होईन असं वाटतं. पण सल्ला देणारं मन तेच आहे, पळी मोजणारं. म्हणून इथे विचारतोय.

गृहस्थ_पण_रागीट

भन्ते, वंदामि. मी आमच्याकडे भोजनदानाची व्यवस्था बघतो, म्हणजे तुमच्या गोष्टीतला "जरा सरकता का" म्हणणारा मीच समजा. खरं सांगू? आम्हाला वर्षावास कळत नाहीत. कुणाला विचारायची भीती वाटते. मग ज्यांच्यासमोर माईक असतो त्यांना वर बसवतो. पुढच्या वेळी सरळ सांगा ना, "मी यांच्या वरचा". आम्हाला वाईट वाटणार नाही, उलट शिकायला मिळेल.

बाकी पळी मोजण्याबद्दल, आम्ही घरी रोज मोजतो.

धम्मरक्षक_७२

भिक्खूंनी असले विषय उघड्यावर मांडू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चीवराकडे बघून लोक मस्तक टेकवतात. त्यांच्या श्रद्धेचं काय? आपापसात बोला, आचार्यांशी बोला. इथे कशाला?

जुनं_चीवर

@धम्मरक्षक_७२ तुमचा मुद्दा मला टोचला, म्हणजे त्यात काहीतरी असणार. पण प्रव्रजिताने, म्हणजे घर सोडलेल्याने, वारंवार मनात आणायच्या दहा गोष्टींमध्ये एक अशी आहे: माझी उपजीविका दुसऱ्यांवर अवलंबून आहे. जे घास देतात त्यांच्यापासून घासाचा हिशेब लपवायचा, हे मला पटत नाही. तुम्ही मस्तक टेकवता ते चीवराला, संघाला. मधल्या मधे ते मी स्वतःच्या खात्यावर जमा करतो, तेवढीच तर तक्रार आहे माझी.

@गृहस्थ_पण_रागीट "मी यांच्या वरचा" हे शांतपणे म्हणता आलं असतं तर हा धागाच निघाला नसता. पण माईकचं कळलं ते बरं झालं!

पाली_वाचक

भन्ते, आसनाचा नियम तुमच्याच बाजूचा आहे. पण तो कसा झाला ते चुल्लवग्गात, विनयाच्या ग्रंथात, पुन्हा एकदा वाचाल का? बुद्ध भिक्खूसंघासह सावत्थीकडे निघाले होते. षड्वर्गीय भिक्खूंचे, म्हणजे नियम मोडण्यात नाव काढलेल्या सहा जणांच्या टोळक्याचे, शिष्य पुढे जाऊन जागा अडवून बसले, ही आमच्या उपाध्यायांना, ही आमच्या आचार्यांना, ही आम्हाला. बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त मागून आले तर जागाच नाही. ते एका झाडाखाली बसून राहिले. रात्र सरता सरता बुद्ध उठून खाकरले, तर झाडाखालून सारिपुत्तही खाकरले. कोण आहे? मी, सारिपुत्त. इथे का बसलास? तेव्हा कुठे हकीकत कळली.

मग बुद्धांनी विचारलं, अग्र आसन, अग्र उदक, अग्र पिंड, म्हणजे पहिली जागा, पहिलं पाणी, पहिली भिक्षा, कुणाला द्यावी? कुणी म्हणालं क्षत्रिय कुळातून आलेल्याला, कुणी म्हणालं ब्राह्मण कुळातल्याला, कुणी विनयधराला, म्हणजे विनय पाठ असणाऱ्याला. आणि मजा म्हणजे धम्मकथिकाला, देसना करणाऱ्याला, असंही काही जण म्हणाले! म्हणजे तुमच्या उपासकांचं मत त्या सभेतही होतं. बुद्धांनी तित्तिर, माकड आणि हत्तीची गोष्ट सांगून ज्येष्ठतेचा क्रम लावून दिला.

मला दर वेळी अडवतं ते वेगळंच. ज्याची जागा गेली त्याने तक्रार केलीच नव्हती. तो नुसता खाकरला होता.

आणि याच सारिपुत्तांच्या तोंडी अनंगण सुत्त आहे. भोजनशाळेत अग्र आसन, अग्र उदक, अग्र पिंड मलाच मिळावा अशी इच्छा भिक्खूला होते, तो दुसऱ्याला मिळतो, मग हा कोपतो, नाराज होतो. तो कोप आणि ती नाराजी, दोन्ही अंगण, म्हणजे डाग. तुमची वही त्यांनी आधीच लिहून ठेवली आहे, आणि चार रकाने न आखता.

दोन_मुलींची_आई

भन्ते, मला सूत्रं फार येत नाहीत, पण वेदेहिकेची गोष्ट येते, कारण ती माझीच आहे. सावत्थीतली घरधनीण, गावभर नाव की फार शांत, फार नम्र. तिच्या दासीला, कालीला वाटलं, ही खरंच शांत आहे की माझं काम चोख असतं म्हणून? मग ती एक दिवस उशिरा उठली, दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी. शेवटी वेदेहिकेने अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला.

मीही फक्त रास्त कारणावरूनच चिडते. डबा विसरला, पाणी सांडलं. कारण कायम रास्त असतं. पण ते नेहमी लहानांच्यातच सापडतं, ऑफिसात साहेबांच्यात कधी सापडत नाही. तुम्हाला त्या दिवशी पाहुण्या भन्तेंच्या पात्रात विनयाची चूक दिसली असती तर तेवढ्याच आवाजात बोलला असतात का? रागावू नका हं, विचारते आपली.

रुक्खमूल

आवुसो, माझे वर्षावास तुमच्यापेक्षा बरेच जास्त आहेत, म्हणून आवुसो म्हणतो. दहा जणांनी सरकवलं असेल मलाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. प्रवारणेत सांगू नका. प्रवारणा सांगण्यासाठी नसतेच. तिथे आपण उकिडवे बसतो, हात जोडतो आणि काय म्हणतो? 'संघं, भन्ते, पवारेमि, दिट्ठेन वा सुतेन वा परिसंकाय वा.' तुम्ही माझं जे पाहिलं असेल, ऐकलं असेल, ज्याची शंका आली असेल, ते मला सांगा, अनुकंपेने सांगा, पटलं की मी सुधारेन. तीनदा म्हणतो. सांगायचं इतरांनी, आपण ऐकायचं. आपत्ती, म्हणजे नियमभंग, झाली असेल तर तिची देसना, म्हणजे कबुली, त्याआधी एखाद्या भिक्खूजवळ करायची, ती बाब वेगळी. पंगत, देसना, राग, मान, मराठीत काय, पालीत काय, एवढं सगळं बांधून तुम्ही संघासमोर मांडलंत तर सगळे स्तब्ध होऊन ऐकतील. तुम्ही बोलताही बरं, ते वर दिसतंच आहे. त्या दिवशीचं आसन तुम्हाला तिथे मिळेल.

लागलं असेल तर लागू द्या.

दुसरं. तुम्ही श्रामणेराला झाडलंत. दुसऱ्याला दोष दाखवण्याआधी पाच गोष्टी बघायच्या, हेही सारिपुत्तांचंच सांगणं: वेळ बघून बोलेन, खरं बोलेन, मृदू बोलेन, हिताचं बोलेन, मैत्रीचित्ताने बोलेन. तुमचं बोलणं खरं होतं. पाचांतलं एक. नियम हातात असला की त्या एकावर बाकीचे चार खपून जातात, माझेही गेलेत.

आणि हे बघा, प्रवारणेच्या बैठकीत श्रामणेर बसत नाही. म्हणजे तुमचं ज्याने पाहिलं, ऐकलं, तो एकटा त्या सभेबाहेर असणार. संघ तुम्हाला काय सांगणार? त्यांनी तर फक्त तुमचं हसू पाहिलं.

नऊ वर्षावास पणाला वगैरे काही लागलेलं नाही. खेमक थेरांची (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) गोष्ट काढा. आजारी होते, कोसंबीचे थेर भिक्खू दासक नावाच्या भिक्खूकरवी निरोपावर निरोप पाठवून विचारत होते, तू अर्हत आहेस का? शेवटी ते काठी टेकत स्वतःच तिकडे गेले आणि म्हणाले, या पाच स्कंधांत, म्हणजे शरीर-मनाच्या पाच घटकांत, 'हा मी' असं मला काही दिसत नाही, तरी 'मी आहे' हे अजून गेलेलं नाही. कापड खारी माती, राख, शेण लावून चोळून धुतलं तरी त्यांचा वास मागे राहतो, तसं. कापड पेटीत सुगंधात ठेवावं लागतं, मग तो वास जातो. हे म्हणणारा माणूस अनागामी, म्हणजे अर्हत व्हायला एकच पायरी उरलेला, होता. तुम्ही आम्ही अजून कापड भिजत घातलंय. वास राहिला म्हणून रडायची वेळ यायची आहे.

जुनं_चीवर

सर्वांना वंदन. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, त्यातले पाच दिवस रुक्खमूल भन्तेंवर मनातल्या मनात धुमसण्यात गेले. त्यांचं म्हणणं पटलं होतं हेच जास्त झोंबत होतं.

@दोन_मुलींची_आई नसतो बोललो.

काल दुपारी श्रामणेराकडे गेलो. तो चीवर शिवत होता. मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, बरीच मोठी वाक्यं होती. ती बाजूला ठेवली आणि प्रवारणेचेच शब्द मराठीत म्हणालो, माझं काही पाहिलं असशील, ऐकलं असशील, शंका आली असेल तर सांग. तो गडबडून उठायला लागला. मीच खाली बसलो. बराच वेळ सुई फिरवत राहिला, मग म्हणाला, "भन्ते, पाहुणे भन्ते येतात ना, त्या दिवशी मला तुमच्या पात्राला हात लावायची भीती वाटते."

मी म्हणालो, त्याच दिवशी का? तो म्हणाला, "माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही आधी खूप हसता."

रात्री वही काढली. याच्यावर चिडल्याच्या गेल्या वर्षभरात बारा नोंदी. पाहुण्यांचा उल्लेख मी कधी केला नव्हता, पण भोजनदानाच्या नोंदवहीत पाहुणे आल्याच्या तारखा असतात, ती आणून शेजारी ठेवली. बारापैकी नऊ तारखा जुळल्या. नऊही ठिकाणी कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय, 'थकवा'.