पोराला खरं सांगा

एका ताईंनी सुचवलंय की, बाप तुरुंगात असेल तर पोराला ‘बाबा पुण्याला कामाला गेलेत’ असंच सांगावं. मला नाही पटत. आमच्या यवतमाळकडच्या गावात असं काही लपत नाही; पोराला ते हापशीवरच कळतं. शेजारचा तिसरीतला पोरगा हजेरीत बापाचं नाव आलं की खोडरबरानं वहीचं कोरं पान घासत बसायचा. आजीनं खरं सांगितलं, अमरावतीच्या कारागृहात भेटीला नेलं, तेव्हा कुठं तो बोलता झाला. आणि हो, राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत अशी मुलंही बसतात. महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. म्हातारीला एकटीला ते कागद झेपेनात, म्हणून अंगणवाडीताई दोनदा एसटीनं सोबत गेल्या.