आबाजीची वॅगन: भंगारात, रंगवून, का जशी हाय तशी?

मोठे बाबा: सर्वाईले नमस्कार. पाऊस उघडला का कोठा पाडून नवीन शेड टाकाचं हाय. आबाजीची जुनी विलीज वॅगन गाडी तठीच उभी हाय. परतवाड्याचा भंगारवाला काल पाहून गेला. चौदा क्विंटल भरन म्हन्ते, अठ्ठावीस रुपये किलोनं. म्हंजे चाळीस हजाराच्या आतबाहेर. कोनाले काही म्हनाचं असन त आजच म्हना.

बंडू: बाबा, भंगारात नोका देऊ. अचलपूरच्या पेंटरले मी बोललो, पंचवीस हजारात पुरी गाडी चकाचक करून देते. लाल-काळी. रुंद टायर, म्युझिक. मंग पाहा गिऱ्हाईक कसे येते त.

बंडू: आज ट्रॅक्टरची बॅटरी लावून सेल्फ मारूनच पाहातो.

पल्लवी: बंडूदादा, नको!! बॅटरी लावू नको. ऑफिस सुटल्यावर सविस्तर लिहिते, तोवर गाडीला हात लावू नको.

छोटे काका: लागली गाडीची वकील 😄

मोठीआई: कोठ्यात कोंबड्या बसतेत. दार उघडं ठेवू नोका, मुंगूस येते.

पल्लवी: आले घरी. आधी बॅटरीचं. ही गाडी 1954 ची आहे, तिची वायरिंग सहा व्होल्टची. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची. लावली तर असतील नसतील ते दिवे, मीटर सगळं जाईल. आणि तीस-पस्तीस वर्षं बंद असलेलं इंजिन सेल्फवर फिरवायचंच नसतं. रिंगा सिलिंडरला गंजून धरल्या असतील तर ओढाताणीत मोडतात. चारही प्लग काढायचे, भोकांत थोडं थोडं ऑइल सोडायचं, चार-आठ दिवस तसंच ठेवायचं, मग पुढून हँडल घालून हातानं हळू फिरवून पाहायचं. फिरलं तर "इंजिन मोकळं आहे" एवढं आपण छातीठोक सांगू शकतो. घेणाऱ्याला तेवढंच पुरतं. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालं असेल, त्यावर चालू करून कार्ब्युरेटरचं वाटोळं करू नये.

पल्लवी: आता रंगाचं. ही विलीजची स्टेशन वॅगन आहे, नुसती जीप नाही. 1946 मध्ये हे मॉडेल निघालं, ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या माणसानं आखलेलं. तोवर वॅगनची मागची बॉडी बहुतेक लाकडाची असायची. ही अख्खी पत्र्याची. पण लोकांना लाकूडच आवडायचं म्हणून पत्र्यावर पट्ट्यांचे उठाव दाबून काढले आणि त्यावर लाकडासारखा रंग दिला. आपल्या गाडीच्या बाजूला खिडकीखाली तो बदामी रंग अजून आहे, धूळ पुसून पाहा. चारही चाकांना जोर असलेली वॅगन त्यांनी 1949 पासून दिली, आपली त्यातली. बंडूदादाचा पेंटर त्या उठावांवर पुट्टी भरणार आणि लाल-काळा मारणार. मग घेणारा लोहचुंबक घेऊन येईल, चुंबक चिकटलं नाही की म्हणेल, आत काय लपवलंय? आता जो गंज आहे तो उघडा दिसतो. ज्याला अशी गाडी पाहिजे, तो दिसणाऱ्या गंजाला घाबरत नाही, झाकलेल्याला घाबरतो. पंचवीस हजार घालून आपण किंमत कमीच करून घेऊ.

बंडू: म्हंजे धुवाची पन नाही का?

पल्लवी: धू. पाण्यानं आणि कपड्यानं. प्रेशर मारू नको, उरलेला रंग निघेल.

मोठे बाबा: पोरगी बराबर बोलून रायली. ऐंशी-ब्याऐंशी साली एक मिस्त्री आबाजीच्या मागं लागला होता, पेट्रोल लय खाते, डिझेल इंजिन बसवून देतो. गावातल्या साऱ्या जीपा डिझेलच्या झाल्या. आबाजी म्हने, माह्या घोड्याले दुसऱ्याचं काळीज नोको.

पल्लवी: मोठे बाबा, हे जाहिरातीत सगळ्यात वर टाकायचं! मूळचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, 2199 सीसी. महिंद्राच्या जुन्या सीजे-3बी जीपला हेच इंजिन होतं. त्यामुळे इंजिनचं सामान अजूनही सापडतं. मिळत नाही ते बॉडीचं: बाजूच्या सरकत्या काचा, मागची वर-खाली उघडणारी दोन झाकणं, त्यांचे बिजागर. म्हणून दादा, कोठ्यात जे काही सुटं पडलं असेल, हँडल, काचेची पट्टी, एखादा वाकडा स्क्रू, सगळं पोत्यात भर. फेकू नको.

बंडू: एक झाकन त वैरनीच्या गंजीवर ठेवलं हाय, पानी लागू नये म्हनून.

छोटे काका: 🤦

नागपूरवाली आत्या: मी आताच वाचलं सगळं. दादा, तू मला न विचारता भंगारवाला बोलावलास? माझं लग्न लागल्यावर याच गाडीतून पाठवणी झाली. मागच्या सीटवर आम्ही सहा जणी आणि रुखवताचं ताट. चिखलदऱ्याच्या घाटात दुसऱ्या गाड्या थांबायच्या तेव्हा आबाजी ते तीन दांडे कसे ओढायचे आठवतं का? आधी पुढच्या चाकांचा, मग लो गिअरचा. उलटं जमतच नसे, म्हणून रागवायचे.

मोठे बाबा: बाई, तुले फोन करनारच होतो.

नागपूरवाली आत्या: नको करू. गाडीचं आरसी पुस्तक माझ्याजवळ आहे. आबाजींच्या ज्ञानेश्वरीत ठेवलेलं.

पल्लवी: आत्या, पुस्तक आहे?? मग अर्धं काम झालं. पहिल्या पानाचा फोटो मला एकटीला पाठवा, ग्रुपवर नको.

छोटे काका: मीही पाहिलं होतं ते एकदा. त्यावर मध्यप्रदेशचा शिक्का हाय. चोरीची त नाही ना?

नागपूरवाली आत्या: अरे, गाडी 1955 ला पासिंग झाली. तेव्हा आपण मध्यप्रदेशातच होतो आणि राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो. शाळेत काय शिकलास?

पल्लवी: कागदाचं एकदाच सांगते. गाडी अजून आबाजींच्या नावावर. आधी वारसांच्या नावावर घ्यावी लागेल: फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, आणि चौघा भावंडांची संमती. आत्याची सहीसुद्धा. विकताना फॉर्म 29 आणि 30. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, नंबरमध्ये व्हीए येतं. नव्या नोंदणीची फी 20,000, मुदत दहा वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशी गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरती रस्त्यावर. नोंदणी आपण करायची का घेणाऱ्यानं ते सौद्यात ठरवू.

बंडू: मी काल रात्रीच एका साइटवर फोटो टाकला होता. 🙈 एक फौजी साहेब लगेच घ्याले तयार हाय, गाडी न पाहता. टोकन पाठवतो म्हने, क्यूआर स्कॅन करा लागते.

पल्लवी: दादा!!! पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. ब्लॉक कर आणि फोटो काढून टाक.

बंडू: केला. पिन टाकाच होतो त लाइट गेली.

मोठीआई: पह्यल्यांदा लाइट गेल्याचा फायदा झाला.

पल्लवी: जाहिरात अशी लिहिते, बघा: "विलीज स्टेशन वॅगन, 1954, फोर बाय फोर, मूळ पेट्रोल इंजिन, एकाच घराची. सुमारे पस्तीस वर्षं कोठ्यात उभी. चालू नाही. ब्रेक धरलेले. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलेला, मागच्या उजव्या चाकाच्या वर भोक. मागची एक काच नाही. चेसिस खालून पाहायला गाडी उचलून ठेवू. रंग मूळचा, आम्ही काही केलेलं नाही. जशी आहे तशी. येऊन पाहणाऱ्याशीच बोलणी."

मोठे बाबा: साऱ्या खोट्याच लिहिल्या, चांगलं काहीच नाही. बैल इकताना असं सांगतेत का?

पल्लवी: मोठे बाबा, तुम्ही बैल घेताना दात मोजता ना? हे लोक तेच करतात, फक्त खाली झोपून.

नागपूरवाली आत्या: माझी संमती आहे. भाव मात्र मला विचारून. भंगारवाल्याला नाही म्हणून कळव, दादा.

मोठे बाबा: कळवतो. पल्लवी, रविवारी येजो, फोटो काढू.

मोठीआई: बाहेरून काढा. आतून जमत नाही. मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसली हाय, परवाच अंडे ठेवले. एकवीस दिवस गाडी हालवाची नाही.