शब्द हवा : ‘डिले डिस्काउंटिंग’ला मराठीत काय म्हणावं?

गलबत (वेंगुर्ले) :
व्यसनमुक्तीच्या गटात वाटायला एक मराठी पत्रक लिहितोय. वाचणारे बहुतेक खलाशी, बागांतले कामगार, रिक्षावाले आणि त्यांच्या घरची माणसं. एका शब्दापाशी अडलोय.

मिळणारी गोष्ट जितकी लांबणीवर, तितकी तिची आज मनातली किंमत कमी. वर्तनशास्त्रात याला ‘डिले डिस्काउंटिंग’ म्हणतात. हे तुमचं, माझं, सगळ्यांचंच होतं. किंमत किती वेगानं उतरते एवढाच माणसामाणसांत फरक.

मोजायची पद्धत साधी आहे. कर्बी यांची २७ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. आज ५५ डॉलर घ्याल की ६१ दिवसांनी ७५? (६१ दिवस म्हणजे १ जून ते ३१ जुलै, आपली अख्खी मासेमारी बंदी.) आज २५ की १४ दिवसांनी ६०? उत्तरांवरून त्या माणसाच्या मनात किंमत किती वेगानं उतरते, तो दर काढतात. १९९९ साली कर्बी, पेट्री आणि बिकेल यांना हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांचा दर इतरांच्या साधारण दुप्पट आढळला.

‘उतावीळपणा’ सोडून काही सुचवा.

झावळी (गुहागर) :
उतावीळपणा का सोडायचा? शेंबडं पोरही समजेल असा शब्द आहे. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ऐकलेलं नाही असा माणूस कोकणात सापडायचा नाही. नाहीतर ‘दम धरवत नाही’ म्हणा. आम्ही शाळेत मुलांना दिवसभर हेच सांगतो.

गलबत :
‘दम धरवत नाही’ फार जवळचा आहे, एका बाबतीत तर इंग्रजीपेक्षा सरस. संशोधक दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एक, हात आवरत नाही : समोर दिसलं, विचार व्हायच्या आत उचललं. दुसरी, विचार करूनही लवकरचं थोडं पसंत करणं. या दोन्ही एकाच माणसात असतातच असं नाही. मराठीत ‘हात आवरत नाही’ आणि ‘दम धरवत नाही’ हा फरक आयता मिळतो. पत्रकात दोन्ही घेतो.

पण ‘उतावीळ’ हे माणसाला लावायचं विशेषण आहे. बायको, आई, सासरा, सगळे त्याला आधीच उतावीळ, बेफिकीर, नालायक म्हणून मोकळे झालेले असतात. मला त्या माणसाचं नाव नको, त्याच्या मनात चाललेल्या हिशेबाचं हवंय. कारण तो हिशेब बदलू शकतो असं मानायला जागा आहे. १९९९ मध्येच बिकेल, ओडम आणि मॅडन यांनी सिगारेट ओढणारे, कधीच न ओढलेले आणि सोडलेले असे तीन गट तपासले. ओढणाऱ्यांचा दर चढा होता, सोडलेल्यांचा मात्र कधीच न ओढलेल्यांसारखा. आता सोडल्यामुळे दर उतरला की मुळात कमी दर असलेल्यांनाच सोडणं जमलं, हे त्या एका तपासणीवरून ठरत नाही. उलट बाजूचाही पुरावा आहे : पेरी, कॅरोल आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात ज्या उंदरांना आधीपासूनच थांबवत नव्हतं, ते कोकेन मिळवायला लवकर शिकले. तरी ‘हा जन्माचाच असा’ असा शिक्का मारणारा शब्द मी छापणार नाही.

खाजण (देवगड) :
उतावीळला माझाही विरोध, पण कारण वेगळं. आमच्याकडे कित्येक बागायतदार मोहोर बघूनच बाग व्यापाऱ्याला कराराने देऊन टाकतात. एप्रिलपर्यंत थांबले तर जास्त पैसे मिळतील हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण मधे तुडतुडा आहे, थ्रिप्स आहे, अवकाळी आहे, सोसायटीचा हप्ता आहे. आज कमी घेणारा हा माणूस उतावीळ आहे का? अजिबात नाही. पुढचं मिळेल याची खात्री नसताना हातचं घेणं हाच शहाणपणा. आपली म्हणसुद्धा तेच सांगते : हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.

स्टॅनफर्डमधला मिशेल यांचा मुलांचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो : आता एक मार्शमेलो, थांबलास तर दोन. २०१३ चा किड, पामेरी आणि अस्लिन यांचा प्रयोग सहसा कोणी सांगत नाही. त्यात काही मुलांना आधी चांगले रंग आणून द्यायचं कबूल केलं आणि दिले नाहीत. बाकीच्यांना शब्द दिल्याप्रमाणे दिले. मग मिठाईची पाळी. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटं. पोरं सारखीच, फसवलेल्यांचा भरवसा गेला.

दारू पिणाऱ्या बापाच्या घरी वाढलेल्या पोराला ‘थांब, पुढे मिळेल’ म्हणताना हे डोक्यात ठेवा. त्याने कितीदा थांबून बघितलेलं असतं.

पडाव (रत्नागिरी) :
शब्द शोधतोय ना आपण? पतसंस्थेत आयुष्य गेलं, म्हणून हिशेबाच्या बाजूने लिहितो.

‘सूट’ नको. सूट दुकानदार देतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. ‘घसारा’ यंत्राला, होडीला. वापराने झिजतं त्याला. इथे वस्तू झिजत नाही, ६१ दिवसांनीही ७५ ते ७५च. मुदतीची हुंडी आधी मोडली तर कापून घ्यायचे तो ‘वटाव’. अर्थ तंतोतंत हाच, मुदत आली नाही म्हणून कमी मिळतं. पण चेक वटतो एवढंच आता लोकांना माहीत, वटाव कोणी म्हणत नाही. ‘बट्टा’ मात्र अजून चालतो. फाटकी नोट बट्टा घेऊन बदलून देतात. ‘उशिराचा बट्टा’ कसा वाटतो?

झावळी :
बट्टा नको हो. ‘घराण्याच्या नावाला बट्टा लावलास’ हे वाक्य त्या घरांत भांडणाच्या वेळी पहिलं येतं. पत्रक उघडल्याबरोबर तेच डोळ्यांसमोर येईल.

पडाव :
बरोबर. मग ‘कसर’. जमाखर्चाच्या मराठीत डिस्काउंटला कसर म्हणत आलेत. शब्द बोचतही नाही, अंगात कसर असते तेव्हा ताप बारीकच असतो. आणि मुख्य म्हणजे कसर भरून काढता येते. मराठीत कसर या शब्दाला ते क्रियापद चिकटूनच येतं.

गलबत :
‘उशिराची कसर’! हा घेतो. वाक्यात घालून बघूया :

‘उद्या मिळणाऱ्या गोष्टीतून मन उशिराची कसर कापतं. ज्याचं मन जास्त कसर कापतं, त्याला आजचं थोडंही मोठं वाटतं.’

सूत्रही सांगता येईल. मेझर यांनी १९८७ मध्ये मांडलेलं : मिळणारी रक्कम भागिले (१ अधिक दर गुणिले दिवस). दर ०.१ धरा. आज ५०० किंवा २० दिवसांनी १,०००. ते हजार आज मनाला ३३३ वाटतात, म्हणून माणूस ५०० उचलतो. आता दोन्ही गोष्टी ३० दिवस पुढे ढकला. ५०० चे १२५ उरतात, हजारांचे १६७. आता हजार जिंकतात! माणूस तोच, दर तोच, फक्त अंतर बदललं. सकाळी घरच्यांसमोर ‘आजपासून बंद’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. संध्याकाळी बाटली हाताच्या अंतरावर आली की हिशेब उलटतो. या उलटण्यावर एन्स्ली यांनी १९७५ मध्येच लिहिलंय. त्यालाही शब्द लागेल. ‘पसंती-व्यत्यास’ असलं काही नको.

खाजण :
‘मन फिरणं’ आहे की. मालवणीत ‘सकाळचा मन येगळा, सांजचा येगळा’ असं म्हटलंस तर कोणालाही कळेल. उपाय काय लिहितोयस? नुसतं ‘पुढचा विचार करा’ नको. त्याला ऐकून ऐकून कंटाळलेत सगळे.

गलबत :
नाही. लांबचं फळ जवळ आणायचं, हा भाग मोठा करतोय. हिगिन्स यांनी व्हरमाँटमध्ये १९९० च्या दशकात कोकेन सोडणाऱ्यांना लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच व्हाउचर द्यायला सुरुवात केली, त्यातून वस्तू मिळत. सलग स्वच्छ राहिलं की रक्कम वाढत जाई. पेट्री यांनी तेच स्वस्तात केलं : व्हाउचरऐवजी भांड्यातून चिठ्ठी काढायची, लागलं तर बक्षीस. दोन्हींत भर ‘लगेच’ आणि ‘कबूल केलेलं नक्की’ या दोन गोष्टींवर. खाजण, तुझा भरवशाचा मुद्दा इथेच येतो. घरच्यांसाठी वेगळी चौकट करतो : छोटंच कबूल करा, पण त्याच दिवशी द्या.

दरासाठी ‘कसरीचा दर’ ठेवतोय. पडाव, ‘कसरीचा’ की ‘कसरेचा’? छापखान्यात शुक्रवारी द्यायचंय.

पडाव :
कसरीचा.