मदत हवी आहे: मोत्सार्टचा 'मित्रिदाते' कसा ऐकावा?

नमस्कार मंडळी,

मोत्सार्टचा 'मित्रिदाते, रे दी पोंतो' हा ऑपेरा सध्या मनापासून ऐकतोय. २६ डिसेंबर १७७० रोजी मिलानमध्ये याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा मोत्सार्ट अवघा १४ वर्षांचा होता! काळ्या समुद्राकाठच्या पोंतस राज्याचा राजा मित्रिदाते रोमनांशी लढताना मेल्याची खोटी बातमी येते आणि त्याचे दोन मुलगे, सिफारे आणि फार्नाचे, बापाच्या वाग्दत्त वधूवर, आस्पासियावर, हक्क सांगू लागतात. फार्नाचे तर आतून रोमला मिळालेला. मग राजा जिवंत परततो.

माझी अडचण शेवटाशी आहे. इतिहासात फार्नाचेने बंड केलं आणि इ.स.पू. ६३मध्ये बापाचा अंत झाला. ऑपेरात मात्र तोच रोमनांची जहाजं पेटवतो आणि मरणारा बाप त्याला क्षमा करतो. हा बदल राजदरबाराच्या प्रेक्षकांसाठी, की फ्रेंच नाटककार रासीनच्या मूळ नाटकाचा यात वाटा आहे? दोन्ही वाचलेल्या कुणी सांगेल का?

दुसरं, दोन्ही राजपुत्रांच्या भूमिका तेव्हा कास्त्रातो गायकांनी (उंच आवाज टिकावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुषांनी) केल्या. आज त्या स्त्रिया किंवा काउंटरटेनर (बायकांइतक्या उंच स्वरात गाणारे पुरुष) गातात. पहिल्यांदा पाहणाऱ्याने कोणता प्रयोग निवडावा? सिफारेचं हॉर्न या पितळी वाद्याच्या साथीचं गाणं 'लुंजी दा ते' ज्यात निवांत, न कापता गायलंय, असं रेकॉर्डिंग हवंय. ते गाणं मला अख्ख्या ऑपेराचं काळीज वाटतं.

इटालियन जाणणाऱ्यांनी विष प्यायला निघालेल्या आस्पासियाच्या 'पालिद ओम्ब्रे' या गाण्याचा ओळीनुसार अर्थ दिला तर फार उपकार होतील.