मदत हवी आहे: भावासाठीच्या ट्रस्टमध्ये प्रोटेक्टर नेमावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडचे. बाबांच्या नावावर घर आणि हापूसची शंभरेक कलमं आहेत. धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग. आंब्याच्या पेटीत गवत अंथरावं तर त्यानंच, एक काडी वर येऊ देत नाही. पण पैशाचा व्यवहार त्याला कळत नाही.

त्याच्यासाठी बाबा ट्रस्ट करतायत. विश्वस्त मी आणि चुलतभाऊ, दोघेही मुंबईत. वकील म्हणाले, 'प्रोटेक्टर' नेमा. मालमत्ता प्रोटेक्टरच्या नावावर नसते, पण विश्वस्तांवर नजर ठेवणं, गरज पडल्यास त्यांना बदलणं, बाग विकण्याआधी संमती देणं हे अधिकार दस्तात लिहून देता येतात. १८८२च्या भारतीय न्यास कायद्यात हा शब्द नाही. मात्र नवा विश्वस्त कोणी नेमायचा ते दस्तात ठरवता येतं, असं कलम ७३ सांगतं.

मामांना नेमायचा विचार आहे. भाऊ त्यांचंच ऐकतो. पण त्यांचं वय ७१. त्यांच्यानंतर कोण, हे दस्तात कसं लिहावं? आणि प्रत्येक खर्चाला त्यांची सही ठेवली तर भावाचं औषधपाणी अडेल का? मला तीच धास्ती आहे. कुणी असा दस्त केला असेल तर कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात नोंदणी आहे.