संघनिवडीतून प्रशिक्षकाचा स्वभाव समजून घेण्यासाठी कोणते तीन सामने पाहावेत?

अभ्यासू_प्रेक्षक: नमस्कार. फुटबॉलमध्ये क्लबच्या प्रशिक्षकाला हवा तो खेळाडू विकत घेता येतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला मात्र देशात आहेत त्याच खेळाडूंवर भागवावे लागते, त्यामुळे तो कोणाला वगळतो यातून त्याचा स्वभाव अधिक उघड होतो, असे मला वाटते. त्यासाठी एकाच प्रशिक्षकाचे, एकाच स्पर्धेतील तीन पूर्ण सामने पाहायचे आहेत. त्याहून अधिक सामन्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही. कृपया सुचवावे.

उजवी_बगल: फ्रान्सचे एमे जॅके, १९९८ चा विश्वचषक. एरिक कॅन्टोना आणि डेव्हिड जिनोला यांना बाजूला ठेवून त्यांनी संघ उभा केला, फ्रेंच वृत्तपत्रांनी सतत धारेवर धरले तरी ते बधले नाहीत, आणि अंतिम सामन्यात ब्राझीलला ३-० असे हरवले. सातही सामने क्रमाने पाहा. तीन सामन्यांत काहीच हाती लागणार नाही.

जुना_प्रेक्षक: एकच प्रशिक्षक पाहून स्वभाव कळत नाही, त्याचा प्रतिस्पर्धीही पाहावा लागतो. अर्जेंटिनाच्या सेझार मेनोत्ती यांनी १९७८ मध्ये १७ वर्षांच्या मॅराडोनाला संघाबाहेर ठेवून विश्वचषक जिंकला. कार्लोस बिलार्दो यांनी पासारेला यांच्याकडील कर्णधारपद त्याच मॅराडोनाला दिले आणि १९८६ मध्ये जिंकला. या दोघांचे खेळाविषयीचे विचार आयुष्यभर जुळले नाहीत. दोन्ही स्पर्धा शेजारी ठेवून पाहा.

मधली_फळी: बिलार्दो यांना केवळ निकालाचे प्रशिक्षक मानणे अन्यायाचे आहे. १९८६ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने पश्चिम जर्मनीविरुद्ध तीन गोल केले होते.

जुना_प्रेक्षक: त्यांना केवळ निकालाचे प्रशिक्षक मी कुठेही म्हटलेले नाही.

मधली_फळी: असो. कॅन्टोनाचे उदाहरण वर आलेच आहे, तसेच स्पेनच्या लुईस अरागोनेस यांचे. युरो २००८ या युरोपीय स्पर्धेसाठी त्यांनी नामवंत आघाडीपटू राऊलला घेतले नाही आणि अंतिम सामन्यात फर्नांडो टोरेसच्या गोलवर जर्मनीला १-० असे हरवले. हा निर्णय योग्य ठरेल, हे मी स्पर्धेपूर्वीच सर्वांना सांगत होतो. तेव्हा कोणी ऐकले नाही.

बाकावरून: विचारणाऱ्यांनी तीनच सामने मागितले आहेत. अर्जेंटिनाचे लिओनेल स्कालोनी यांचे २०२२ च्या विश्वचषकातील तीन साखळी सामने पाहा. सौदी अरेबियाकडून १-२ असा पराभव झाल्यावर मेक्सिकोविरुद्ध त्यांनी पाच बदल केले. बदली म्हणून आलेल्या एन्झो फर्नांडेसने त्या सामन्यात गोल केला, आणि पोलंडविरुद्ध तो व हुलियान आल्व्हारेस सुरुवातीपासून खेळले. प्रत्येक सामन्यापूर्वी अकरा नावे कागदावर लिहा आणि आधीच्या यादीशी ताडून पाहा. समालोचनापेक्षा त्यातून अधिक कळते. इटलीचा १९८२ चा विश्वचषक मात्र टाळा. तेव्हा सामन्यात दोनच खेळाडू बदलता येत असत, त्यामुळे खेळ चालू असताना प्रशिक्षक काय विचार करतो हे फारसे दिसत नाही.

उजवी_बगल: स्कालोनी यांनी पराभवानंतर संघ बदलला, तसा कोणीही बदलतो. जॅके यांच्यावर टीका होत होती ती जिंकत असताना. सात सामने पाहाच.

अभ्यासू_प्रेक्षक: सर्वांचे आभार. बराच विचार करून मी नेमका इटलीचाच संघ घेत आहे. दोनच बदल शक्य असतील तर सगळा भार पहिल्या अकरा नावांवर येतो, आणि मला तेच पाहायचे आहे. त्यांचे प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत यांनी इटालियन लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या प्रुत्झोला नेले नाही आणि दोन वर्षांच्या बंदीतून नुकताच परतलेल्या पाओलो रॉसीला नेले. पहिल्या चार सामन्यांत रॉसीचा एकही गोल नाही, तरी त्यांनी त्याला पाचव्यातही उतरवले, आणि ब्राझीलविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने हॅटट्रिक केली. कॅमेरूनशी १-१ बरोबरी, अर्जेंटिनावरील २-१ विजय आणि ब्राझीलवरील ३-२ विजय, असे तीन सामने मी पाहीन. नावे लिहिण्याची सूचना अवश्य पाळेन.

जुना_प्रेक्षक: मग अर्जेंटिनाच्या सामन्यात चेंडूऐवजी इटलीचा बचावपटू जेंतिलेकडे पाहा. तो मॅराडोनाला वळूसुद्धा देत नाही, आणि पुढच्या सामन्यात त्याच्याकडे ब्राझीलच्या झिकोला रोखण्याची जबाबदारी आहे. शिवाय अर्जेंटिनाच्या बाकावर मेनोत्तीच आहेत, आणि या वेळी मॅराडोना त्यांच्या संघात आहे.